सलाईन का नाही लावलं?

"डॉक्टर, माझा भाचा वीस वर्षांचा, बारीक अंगाचा. मूळ सोलापूरचा, इथे पुण्यात इंजिनिअरिंगला आहे आणि आमच्याकडे कर्वेनगरला राहतो. दिव्याच्या अवसेला मी घरी दिवे घासत बसले होते आणि हा मित्रांच्या रूमवर गटारीला. मटण शिजायच्या आधीच यांची बाटली उघडली. साडेदहाला सुरू केलं आणि साडेअकराला मला फोन, की त्याला दवाखान्यात आणलंय. मित्रांनी आधी शॉवरखाली धरला, लिंबू पाजलं, मग भर पावसात स्कूटरवर दोघांच्या मध्ये बसवून आणला. मी पोचले तर कॅज्युअल्टीत एका कुशीवर टाकलेला. सलाईन नाही, पोट धुतलं नाही. उलटीचं एक इंजेक्शन दिलं आणि नुसते दर पंधरा मिनिटांनी येऊन चिमटे काढत हाका मारत होते. वर डोक्याला साधं टेंगूळ होतं म्हणून सीटी स्कॅन. सकाळी सातला नीट बोलत होता तरी नऊपर्यंत सोडला नाही. बिल १६ हजार. मित्र आधी 'दोन बिअर' म्हणत होते, नंतर दीड क्वार्टर व्हिस्की निघाली. शेजारचे काका म्हणतात, आमच्या वेळी दोन बाटल्या सलाईन लावून तासात उभा करायचे. मला फसवलं का? पोलिसात त्याचं नाव जाईल का? आणि बहिणीला सांगू की नको? अजून सांगितलेलं नाही.
— एक मावशी"

ताई,

आधी काकांचं घेऊ. काका खोटं बोलत नाहीत. त्यांच्या वेळी असंच चालायचं, आणि बऱ्याच ठिकाणी अजूनही चालतं. प्यायलेल्या माणसाला आडवा करायचा, सलाईन लावायचं, त्यात बी-कॉम्प्लेक्सचं इंजेक्शन सोडायचं (बाटली पिवळी झाली की नातेवाइकांचा जीव भांड्यात पडतो) आणि वाट बघायची. दोन बाटल्या सावकाश उतरायला तीन-चार तास जातात. तेवढ्यात माणूस आपोआप थोडा सावध होतो आणि श्रेय बाटलीला मिळतं. मीही नोकरीच्या पहिल्या वर्षात अशा खूप बाटल्या लावल्या. त्यातल्या बऱ्याच पेशंटनी गादी भिजवली एवढंच त्यातून निष्पन्न झालं, कारण दारूने मुळातच लघवी जास्त होते आणि वरून आपण लिटरभर पाणी शिरेत ओतलेलं.

सलाईनने रक्तातली दारू लवकर उतरत नाही. कॉफीने नाही, लिंबाने नाही, ताकाने नाही, शॉवरनेही नाही. दारूचा निचरा करतं ते यकृत, आणि ते सरकारी कचेरीच्या खिडकीसारखं चालतं. रांग दारापर्यंत जावो नाहीतर रस्त्यापर्यंत, तासाला अर्ज घेतले जाणार ते ठरावीकच. १०० मिली रक्तामागे तासाला साधारण १५ ते २० मिलिग्रॅम, बस्स. रोज पिणाऱ्याची खिडकी थोडी जलद चालते, तुमच्या भाच्यासारख्या नवख्याची नाही. सलाईन लावतात ते माणूस उलट्यांनी सुकलेला असेल, बीपी पडलं असेल, किंवा शिरेतून औषध द्यायचं असेल तेव्हा. भाच्याचं बीपी ठीक असणार, म्हणून लावलं नाही. न लावणारा डॉक्टर शहाणा होता, आणि नातेवाईक समोर उभे असताना न लावायला थोडं धाडसही लागतं.

आता त्याचा हिशोब मांडू, म्हणजे नऊपर्यंत का थांबवला ते कळेल. आपल्याकडची व्हिस्की ४२.८ टक्क्यांची. दीड क्वार्टर म्हणजे २७० मिली. त्यात शुद्ध अल्कोहोल ९० ग्रॅमच्या आसपास. पंचावन्न-साठ किलोच्या मुलाने उपाशी पोटी तासाभरात एवढं घेतलं तर १०० मिली रक्तात सव्वादोनशे ते अडीचशे मिलिग्रॅम दारू होऊ शकते. मटण आधी पोटात गेलं असतं तर हीच दारू रक्तात हळूहळू चढली असती. गटारीला आमच्याकडे येणाऱ्यांत मटण शिजायची वाट न बघणारेच फार असतात. तीनशे-चारशेच्या घरात गेलं की नवख्या माणसाचा श्वासच मंदावतो. गाडी चालवायची कायद्याची मर्यादा ३०. सकाळी सातला तो 'नीट बोलत होता' तेव्हा त्याच्या रक्तात बहुधा साठ ते शंभर मिलिग्रॅम शिल्लक असणार. बोलणं ताळ्यावर येतं, पण तोल आणि नजर मागाहून येतात. त्याला सातला सोडला असता तर पहिल्यांदा त्याने कोणाची तरी स्कूटर मागितली असती, हे मी पैजेवर सांगतो.

मग त्यांनी रात्रभर केलं काय? ताई, त्यांनी पहारा दिला. आमच्या धंद्यात दारूच्या पेशंटसाठी करायचं मुख्य काम तेच आहे, आणि लांबून बघणाऱ्याला ते काहीच न केल्यासारखं दिसतं.

कुशीवर टाकलेला होता ते आळसाने नाही. एवढ्या दारूत घशाचा राखणदार झोपतो. तुम्हा-आम्हाला पाणी चुकीच्या नळीत गेलं तर ठसका लागतो, त्याला लागत नाही. उताणा झोपलेला माणूस ओकला तर ते सगळं फुप्फुसात उतरतं. दारू पिऊन गेलेली जी माणसं मी पाहिली, त्यांतली कित्येक दारूच्या विषाने गेली नाहीत, स्वतःच्या उलटीने गेली. चिमटे काढत होते ते छळायला नव्हे. हाकेला डोळे उघडतो का, की चिमट्यालाच उघडतो, चिमटा काढणारा हात बाजूला सारतो का, बोललेलं अर्थाचं आहे की नुसतं 'हं हं', याचे गुण मांडतात, तीन ते पंधरा. एकदा मांडून भागत नाही. अकराचे बारा, बाराचे तेरा होत गेले की दारू उतरतेय. अकराचे नऊ झाले की काहीतरी दुसरंच चाललंय.

बिल पुन्हा एकदा बघा. त्यात 'एचजीटी' असं तीन-चार वेळा लिहिलेलं सापडेल. बोटाला टोचून साखर बघितल्याची ती नोंद. पोट रिकामं असलं की रक्तातली साखर यकृत बनवून पुरवतं, आणि दारू नेमकं तेच काम बंद पाडते. साखर चाळीसवर आलेला मुलगा आणि झिंगलेला मुलगा दोघेही सारखेच बरळतात. एकाला ग्लुकोज दिलं की पाच मिनिटांत उठून बसतो, आणि नाही दिलं तर मेंदू जातो. अख्ख्या बिलातली सगळ्यात स्वस्त ओळ हीच, आणि मला विचाराल तर सगळ्यात मोलाची.

पोट धुण्याचं तुम्ही विचारलंत. सोलापूरकडे कुणी फवारणीचं औषध प्यायलं तर दवाखान्यात नळी घालून पोट धुतात, ते तुम्ही पाहिलं असेल, त्यावरून हे मनात आलं असावं. दारूचं तसं नाही. ती पोटात थांबतच नाही, रिकाम्या पोटातून अर्ध्या-एक तासात रक्तात गेलेली असते. तुम्ही पोचलात तेव्हा पोटात धुण्यासारखं उरलेलंच नव्हतं. आणि अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या घशात नळी घालणं म्हणजे उलटी फुप्फुसात ढकलायला आमंत्रण. मिठाचं पाणी पाजून किंवा घशात बोटं घालून ओकायला लावणं त्याहून वाईट, हे त्या मित्रांना जरूर सांगा.

आता सीटी स्कॅन. बिलात मोठा आकडा त्याचाच असणार, आणि तुमचा खरा राग त्यावरच आहे. इथे मी तुम्हाला माझी एक गोष्ट सांगतो.

मी रेसिडेंट होतो. पहाटे तीनला एक रिक्षावाला रस्त्यात सापडलेल्या चाळिशीतल्या माणसाला दारात ठेवून गेला. दहा फुटांवरून भपकारा येत होता. मी केसपेपरवर 'दारूच्या नशेत' असं लिहिलं, सलाईन लावलं आणि चहाला गेलो. नंतर दोनदा जवळून गेलो, तो घोरत होता. गाढ झोपलाय म्हटलं. सहाला ड्यूटी बदलताना नव्या सिस्टरने सवयीने त्याच्या डोळ्यांत टॉर्च मारली आणि मला नावाने हाक मारली. एरवी त्या 'डॉक्टर' म्हणायच्या. उजवी बाहुली मोठी झाली होती, उजेडाला हलत नव्हती. केसांत बोटं फिरवली तर कानाच्या वर मऊ सूज. मी केसांत बोटं फिरवलीच नव्हती. आत रक्त साचून मेंदू दाबला जात होता आणि ज्याला मी घोरणं समजलो ते घोरणं नव्हतं. ऑपरेशन झालं, माणूस जगला. डावा हात मात्र पुन्हा पूर्ण उचलला नाही.

तेव्हापासून वासावर निदान करायचं मी सोडलं. दारू प्यायलेला माणूस पडतो, आणि पडलेला नेमकं कुठे लागलं ते सांगू शकत नाही. टेंगूळ आहे, शुद्ध हरपलेली आहे, आणि दोन्हींचा संबंध आहे की नाही हे विचारायला पेशंट जागा नाही. अशा वेळी स्कॅन न काढणाऱ्या डॉक्टरच्या हाती मी माझा मुलगा देणार नाही. स्कॅन नॉर्मल आला म्हणून तो फुकट गेला असं वाटतं, हे मला कळतं. पण पुढचे दोन आठवडे त्याचं डोकं वाढत्या तीव्रतेने दुखायला लागलं, उलट्या झाल्या किंवा तो अवेळी पेंगायला लागला, तर तीच फिल्म घेऊन लगेच परत जा. १६ हजारांत बाकी काय काय लावलंय ते मला इथून दिसत नाही. ओळवार बिल मागायचा तुम्हाला हक्क आहे. मागा, आणि लाजू नका.

मित्रांबद्दल दोन शब्द. घाबरून खोलीचं दार लावून बसले नाहीत, आणलं, यासाठी त्यांना एकदा जेवायला बोलवा. त्यानंतर कान उपटा. दारूने कातडीतल्या रक्तवाहिन्या सैल होऊन अंगाची ऊब बाहेर जात असते. त्यात शॉवर, ओले कपडे, आषाढातला पाऊस आणि स्कूटरवरचा वारा. थंड पडलेला प्यायलेला माणूस गरम पडलेल्यापेक्षा मला जास्त घाबरवतो. आणि ते ट्रिपल सीट! मधे बसवलेल्या बेशुद्ध मुलाची मान पुढच्याच्या पाठीवर दुमडली की श्वासनळी दबते, आणि मागे बसलेल्याला ते दिसतही नाही. तो रस्त्यातच गेला नाही हे नशीब. १०८ ला फोन केला तर पैसे पडत नाहीत आणि गाडीत डॉक्टर असतो.

'दोन बिअर' ही थाप तर प्रत्येक कॅज्युअल्टीला पाठ आहे. आम्ही ऐकतानाच मनात दुप्पट करतो. पण आम्हाला आकड्यापेक्षा दुसऱ्याच गोष्टी हव्या असतात. सोबत झोपेची गोळी घेतली का, गांजा होता का, बाटली दुकानातली सीलबंद होती की कुठून तरी सुटी आणलेली. सुट्या दारूत मिथेनॉल, म्हणजे विषारी अल्कोहोल, असलं तर खेळच वेगळा. २०१५ साली मालाडच्या मालवणीत अशा दारूने शंभरावर माणसं गेली. त्यात नशा उतरल्यासारखी वाटते आणि बारा-चोवीस तासांनी डोळ्यांपुढे धुकं येतं, पोटात दुखतं, धाप लागते. त्यावर मात्र उतारा आहे. फोमेपिझोल नावाचं औषध, आणि ते नसेल तर, हसू नका, साधी पिण्यातली दारूच मोजून देतात, कारण यकृत तिच्या मागे लागलं की मिथेनॉलचं विष बनवायचं काम थांबतं. शिवाय डायलिसिस. भाच्याची बाटली सीलबंद होती का, एवढं विचारून घ्या. आता इतके दिवस गेलेत, त्याची नजर ठीक आहे, तेव्हा काळजीचं कारण नाही.

काकांनाही एक निरोप द्या. ते स्वतः रोज घेणाऱ्यांतले असतील (इतका अनुभव उगाच येत नाही) तर मनात आलं म्हणून एका दिवसात बंद करू नका म्हणावं. रोजच्या पिणाऱ्याने एकदम सोडली की एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते, तिसऱ्या दिवशी भास होऊ शकतात. ते डॉक्टरच्या देखरेखीखाली करायचं काम आहे. अशांना आम्ही बी-वन जीवनसत्त्व शिरेतून देतोही, तेव्हा त्यांची पिवळी बाटली अगदीच वाया गेली असं नाही.

पोलिसांचं. मे २०२४ मधल्या कल्याणीनगरच्या अपघातानंतर रक्ताच्या नमुन्यांवरून इतकं रामायण झालं की पुण्यात आता कॅज्युअल्टीत सुई टोचली तरी लोकांना वाटतं रक्त पोलिसांकडे चाललं. तसं नसतं. अपघात, मारामारी, विषबाधा अशा केसची दवाखाना पोलिसांना खबर देतो, त्याला एमएलसी म्हणतात, आणि काही ठिकाणी दारूने बेशुद्ध झालेल्याचीही तशी नोंद करतात. नोंद म्हणजे गुन्हा नव्हे, आणि तो कागद कॉलेजला जात नाही. उपचार आधी, पोलिसांचे सोपस्कार नंतर, हे सुप्रीम कोर्टाने १९८९ सालीच सांगून ठेवलंय. तेव्हा पोलिसांच्या भीतीने पुढच्या वेळी कुणी खोलीतच ठेवू नये. कायद्याचं म्हणाल तर महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि व्हिस्कीसाठी २५ वर्षं पूर्ण लागतात. तुमच्या वीस वर्षांच्या भाच्याला कुणी तरी ती विकली, त्या दुकानदाराचंही चुकलंच. पण त्या रात्रीचा खरा मोठा गुन्हा स्कूटर चालवणाऱ्याचा. तोही प्यायलेलाच असणार ना? पहिल्यांदा सापडला तरी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार दंड, किंवा दोन्ही.

पुढची गटारी येणार, थर्टीफर्स्ट त्याआधी. म्हणून भाच्याला आणि त्या रूमवरच्या सगळ्यांना हे करून दाखवा, नुसतं सांगू नका. एकाला जमिनीवर झोपवा. डाव्या कुशीवर वळवायचा, वरचा गुडघा दुमडून पुढे टेकवायचा म्हणजे तो पालथा पडत नाही, वरचा हात गालाखाली, तोंड किंचित जमिनीकडे, म्हणजे आलं तर बाहेर पडेल. ओले कपडे काढून पांघरूण. एकाने जागं राहून जवळ बसायचं, मोबाइल बघत नाही, छाती बघत. 'झोपू दे, सकाळी उतरेल' हे वाक्य त्या खोलीत कुणी उच्चारायचं नाही, कारण पोटातली शेवटची दारू झोपेतही रक्तात चढतच असते आणि झोपला तेव्हापेक्षा तासाने तो जास्त नशेत असू शकतो. खांद्याला जोरात चिमटा काढूनही डोळे उघडत नाही, मिनिटाला आठापेक्षा कमी श्वास पडतायत किंवा दोन श्वासांत दहा-दहा सेकंदांचं अंतर पडतंय, ओठ निळे-पांढरे झालेत, फिट आली, डोक्याला लागलंय, यातलं एकही दिसलं की चर्चा बंद आणि १०८.

राहिली बहीण. तुमचा प्रश्न 'सांगू की नको' असा आहे. मला वाटतं, तुम्ही सांगूच नये, त्याने सांगावं. भाचा तुमच्याकडे राहतो ते बहिणीच्या भरवशावर. ही गोष्ट दोन वर्षांनी एखाद्या लग्नात त्या मित्राच्या तोंडून बाहेर पडली तर बहीण दारूचं विसरेल, पण तुम्ही लपवलंत हे विसरणार नाही. त्याला चार दिवसांची मुदत द्या. त्या चार दिवसांत एकदा, इतर कुणी घरात नसताना, सहज विचारा: आधी किती वेळा झालंय, एकट्याने कधी घेतलीस का, सकाळी उठून रात्रीचं काही आठवलं नाही असं झालं का, ठरवून दोनवर थांबता येतं का. गटारीची एक रात्र म्हणजे व्यसन नव्हे आणि मी त्याला तसा शिक्का मारणार नाही. पण उत्तरं देताना तो नजर चुकवायला लागला तर येरवड्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे, १९८६ पासून. तिथे घरच्यांनाही बसवून बोलतात. आधी तुम्ही एकट्याच जाऊन आलात तरी चालेल.

फोन रविवारी दुपारी करायला लावा, सोलापूरला जेवणं आटोपल्यावर. तुम्ही शेजारी बसा, पण फोन हातात घेऊ नका. आई रडेल, मग ओरडेल, मग विचारेल 'मावशीला माहीत होतं?' तिथे त्याने हो म्हणायचं. त्यानंतर ती म्हणेल, मावशीकडे दे. तेव्हा घ्या.